प्रादेशिक एअरलाइन निवडताना: नव्या वैमानिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, हातात आलं आणि मुलाखतींची पत्रं यायला लागली की मुलामुलींचे, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांचे, फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. मी एटीआर या पंख्याच्या, म्हणजे टर्बोप्रॉप, विमानावर उडतो. त्यामुळे माझं मत त्या बाजूला थोडं झुकलेलं असणार, हे गृहीत धरून वाचा.

आपल्याकडे प्रादेशिक एअरलाइन कोणत्या?

सरकारी मालकीची अलायन्स एअर १९९६ पासून आहे. तिच्याकडे एटीआर ७२, एटीआर ४२ आणि ईशान्येकडच्या छोट्या धावपट्ट्यांसाठी एचएएलचं डॉर्नियर आहे. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर २०१९ मध्ये सुरू झाली. ती एम्ब्रेअर जेट उडवते आणि तिचा मुख्य तळ बंगळुरूला आहे. गोव्याची फ्लाय९१ मार्च २०२४ पासून उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळाहून एटीआर ७२-६०० चालवते. सिंधुदुर्ग, जळगाव, सोलापूर, पुणे, लक्षद्वीपमधलं अगत्ती ही तिच्या नकाशावरची नावं.

इंडिगोला कोणी प्रादेशिक म्हणत नाही, पण २०१७ पासून तिच्याकडे एटीआर आहेत आणि आज देशातला सगळ्यात मोठा एटीआर ताफा तिचाच आहे. नव्या फर्स्ट ऑफिसरच्या, म्हणजे उजव्या खुर्चीतल्या सहवैमानिकाच्या, दृष्टीने तिथलं काम प्रादेशिकच: पहाटे रिपोर्टिंग, तासाभराचे चार सेक्टर म्हणजे उड्डाणं, आणि दुपारी घर किंवा हॉटेल. स्पाइसजेटची क्यू४०० त्याच जातीची. याखेरीज भुवनेश्वरच्या इंडियावन एअरसारख्या नऊ आसनी सेस्ना कॅरावॅन उडवणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांचं गणित वेगळं आहे, ते पुढे येईल.

एका पत्रात जेट आहे, दुसऱ्यात टर्बोप्रॉप. जेटच घ्यायचं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझ्या मते सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. तरी उत्तर देतो.

एम्ब्रेअर १७५ हे ७६ आसनांचं जेट, ४१ हजार फुटांपर्यंत चढतं. एटीआर ७२-६०० ची मर्यादा २५ हजार फूट आणि वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. कागदावर हा नुसता आकड्यांचा फरक वाटतो. जुलैत सह्याद्री ओलांडताना त्याचा अर्थ कळतो. जेट पुष्कळशा ढगांच्या वर निघून जातं. एटीआरला त्याच ढगांच्या उंचीवर राहून रडारवर वाट शोधत, दहा अंश डावीकडे, पंधरा अंश उजवीकडे असं जावं लागतं. बर्फ धरण्याच्या पट्ट्यातही जास्त वेळ जातो. ऑटोथ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा, नाही, त्यामुळे अप्रोचमध्ये पॉवर स्वतःच्या हाताने सांभाळावी लागते. दोन पावसाळे असे काढलेल्या फर्स्ट ऑफिसरच्या हाताला जी सवय लागते, ती पुढे कुठल्याही विमानावर उपयोगी पडते.

गैरसोयही सांगायला हवी. एटीआरला एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज आणि एसी देणारं शेपटीतलं छोटं इंजिन नसतं. मधल्या थांब्यावर उजवं इंजिन चालूच ठेवतात आणि फक्त त्याच्या पंख्याला ब्रेक लावतात. याला हॉटेल मोड म्हणतात. वारा मागून असेल तर एक्झॉस्टच्या वाफा त्रास देतात म्हणून हॉटेल मोडही घेता येत नाही. मग मे महिन्यातल्या जळगावला विमान उभं असतं त्या ॲप्रनवर शर्ट पाठीला चिकटलेला, लोडशीटच्या कागदावर घामाचे थेंब, आणि मागच्या दारातून चढणारे प्रवासी आत येताक्षणी 'एसी लावा' म्हणतायत, असे वीस-पंचवीस मिनिटं काढावे लागतात. ज्यांना हे ऐकूनच नको वाटतं त्यांनी खुशाल जेट घ्यावं.

मग सगळ्यात आधी काय बघायचं?

आज किती विमानं उडतायत आणि पगारावर फर्स्ट ऑफिसर किती आहेत.

रोज सकाळ-संध्याकाळ उडणाऱ्या एका एटीआरला कॅप्टन-फर्स्ट ऑफिसरच्या साधारण पाच-सहा जोड्या लागतात. चार विमानं असतील तर पंचवीस फर्स्ट ऑफिसर पुरतात. मुलाखतीत 'पुढच्या वर्षी दहा विमानं येणार' म्हणून पन्नास जणांना घेतलं असेल, तर ती विमानं येईपर्यंत पंचवीस जणांचे तास पन्नास जणांत वाटले जाणार. विमान मागवल्याची बातमी आणि विमान हँगरमध्ये येणं यात किती काळ जाऊ शकतो, हे गेल्या काही वर्षांत इंजिनं आणि सुटे भाग यांच्या तुटवड्याने सगळ्यांना दाखवलं आहे. उभं असलेलं विमान मोजू नका. उडणारंच मोजा.

याच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारा, जो जवळजवळ कोणी विचारत नाही: ट्रेनिंग कॅप्टन किती आहेत? दोनशे तासांचा नवा फर्स्ट ऑफिसर कुठल्याही कॅप्टनशेजारी बसू शकत नाही. सिम्युलेटर झाल्यावर सुपरवाइज्ड लाइन फ्लाइंग, म्हणजे प्रवासी उड्डाणांवरचा देखरेखीखालचा सराव, ट्रेनरसोबतच करावं लागतं, आणि रिलीज चेक ही त्याची शेवटची चाचणी होईपर्यंत तुम्ही पूर्ण पगाराचे फर्स्ट ऑफिसर नसता. लहान कंपनीत ट्रेनर मोजकेच असतात, त्यातला एक सुटीवर आणि एक मोठ्या कंपनीत निघालेला. टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक जातीचं विमान उडवण्याची परवानगी, हातात असून लाइन ट्रेनिंगच्या रांगेत स्टायपेंडवर सात-आठ महिने बसलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या बॅचमेटने तेवढ्या काळात दुसरीकडे तीन-चारशे तास टाकलेले असतात.

कंपनी टिकेल की नाही हे बाहेरून कसं कळणार?

पूर्ण कळत नाही, पण बरंच कळतं, आणि त्यासाठी कुणाची ओळख लागत नाही.

डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, दर महिन्याला देशांतर्गत वाहतुकीचा अहवाल काढतं. त्यात प्रत्येक कंपनीचे प्रवासी, भरलेल्या जागांचं प्रमाण आणि रद्द झालेल्या फेऱ्यांचं प्रमाण दिलेलं असतं. गेल्या वर्षभराचे अहवाल उघडा आणि तुमच्या कंपनीची ओळ बघत जा. रद्द होण्याचं कारणही महत्त्वाचं. हवामानामुळे रद्द झालेल्या फेऱ्या समजू शकतात. तांत्रिक कारणाने सतत रद्द होत असतील तर सुट्या भागांचे पैसे वेळेवर जात नसावेत अशी शंका घ्यायला जागा आहे. व्यापारी कारण दाखवून रद्द होत असतील तर तो मार्ग चालत नाही.

दुसरं, ईपीएफओच्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या, संकेतस्थळावर आस्थापना शोधता येते. कंपनीने कोणत्या महिन्याचा पीएफ कधी भरला आणि किती कर्मचाऱ्यांचा भरला, हे तिथे कुणालाही दिसतं. पीएफ दोन-दोन महिने उशिरा जात असेल तर पगाराचं पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. तिसरं, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाममात्र फी भरून ताळेबंद बघता येतो. घरात कोणी सीए असेल तर त्याला अर्धा तास द्यायला सांगा.

आणि तिथल्या एखाद्या फर्स्ट ऑफिसरला गाठून एवढंच विचारा: पगार कितव्या तारखेला येतो? 'येतो रे, थोडं मागेपुढे होतं' हेही उत्तरच आहे.

उडान योजना आहे म्हणजे सरकार पाठीशी आहे, मग भीती कसली?

उडान, म्हणजे छोट्या शहरांना स्वस्त विमानसेवेने जोडण्याची केंद्राची योजना, जाहीर झाली २०१६ मध्ये, आणि पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला सिमल्याहून दिल्लीला गेलं. ते अलायन्स एअरचं होतं. योजनेत ठरावीक जागा स्वस्तात विकायच्या आणि तोट्याची भरपाई सरकारने व्हायबिलिटी गॅप फंडिंग म्हणून द्यायची, तीही एका मार्गावर तीन वर्षं. तीन वर्षांनंतर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा. इथेच घोडं अडतं. कॅगने २०२३ मध्ये दिलेल्या अहवालात म्हटलं आहे की योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांतल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले, त्यातल्या ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली आणि मार्च २०२३ ला त्यानंतरही चालू असलेले मार्ग फक्त ५४ होते.

वैमानिकासाठी याचा अर्थ व्यवहारी आहे. ज्या कंपनीचं वेळापत्रक जवळपास सगळं अनुदानाच्या मार्गांवर उभं आहे, तिथला तुमचा बेस, म्हणजे नेमणुकीचं गाव, आणि तुमचे तास तीन वर्षांनी बदलू शकतात. अनुदानाशिवाय भरणारे दोन-तीन तरी मार्ग आहेत का, ते बघा.

इतिहासही जवळचाच आहे. नव्याने उभी राहिलेली एअर डेक्कन डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई-जळगाव उडाली आणि एप्रिल २०२० मध्ये थांबली. नांदेड-हैदराबाद उडवणारी ट्रूजेट फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद पडली. त्याआधी दक्षिणेत एअर पेगासस आणि एअर कोस्टा गेल्या. मोठेपण हीही हमी नव्हे, जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये बसल्या. फरक असा की लहान कंपनीकडे मंदीचा एक हंगाम काढण्याइतकी गंगाजळी क्वचित असते. शिवाय विमानं बहुतेक भाड्याची. २०२५ च्या नव्या कायद्याने विमानांच्या मालकांचे हक्क जपणारा आंतरराष्ट्रीय केप टाउन करार भारतात लागू झाल्यापासून भाडं थकलं तर विमान परत नेणं मालकाला पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. उद्योगाच्या दृष्टीने हे चांगलंच, कारण त्याने भाडी उतरतात. फक्त डळमळीत कंपनीत तुम्ही असाल तर घसरण पूर्वीपेक्षा वेगाने होईल.

बाँड कितीचा असला तर सही करावी?

बाँड म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर कंपनीला पैसे द्यायचा करार. आकड्यापेक्षा त्यातली कलमं महत्त्वाची. बाँड कधी सुरू होतो? सही केल्यापासून, टाइप रेटिंग संपल्यापासून की लाइन रिलीजपासून? तीन वर्षांचा बाँड रिलीजपासून धरला आणि रिलीजला दहा महिने लागले, तर तो जवळपास चार वर्षांचा झाला. रक्कम दर महिन्याला घटत जाते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहते? पहिलं न्याय्य, दुसरं खटकणारं. कंपनीनेच विमानं परत केली, बेस बंद केला किंवा तीन महिने पगार दिला नाही, तर बाँड आपोआप संपतो असं लिहिलंय का? बहुतेक मसुद्यांत हे नसतं. मागा. लहान कंपन्यांना माणसं हवी असतात, एखादं वाक्य घालून देतात.

'बाँड कोर्टात टिकत नाही' हे ऐकून सही करू नका. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाई मागता येते, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दलची दोन लाखांची अट ग्राह्य धरली. तुमच्या बाँडची रक्कम त्याच्या अनेक पट असेल, तेव्हा वाजवी काय यावर वाद घालता येईल. पण तो वाद वकिलाची फी भरून घालावा लागेल. काही कंपन्या कोरे सही केलेले धनादेश मागतात. देऊ नका. रक्कम आणि तारीख घातलेले द्यावे लागले तर त्यांचे क्रमांक करारात लिहून घ्या.

नोटीस पिरियड खरंच सहा महिन्यांचा आहे का?

हो. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे फर्स्ट ऑफिसरसाठी सहा महिने आणि कॅप्टनसाठी एक वर्ष. दुसऱ्या कंपनीत जाण्यासाठी आधीच्या कंपनीचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे हा नियम नुसता कागदावर राहत नाही. कंपनीने आधी सोडायचं ठरवलं तर ती सोडू शकते. नोटीस काळात कंपनीने पगार किंवा अटी तुमच्या तोट्याच्या केल्या, तर लवकर सोडण्याची मागणी करण्याची सोय त्याच नियमात आहे. ते पान वाचून ठेवा. २०२३ मध्ये नोटीस न देता गेलेल्या काही वैमानिकांविरुद्ध अकासा एअर मुंबई उच्च न्यायालयात गेली होती, तेव्हा 'एवढं कोण बघतंय' हा भ्रम नको.

म्हणूनच पहिली नोकरी 'तात्पुरती' म्हणून घेऊ नका. बाँड आणि नोटीस मिळून तुमची पुढची तीन-चार वर्षं त्या सहीत जातात.

टाइप रेटिंगचे पैसे आपण भरायचे का?

सीपीएलसाठी घरचं कर्ज आधीच झालेलं असतं, बहुतेकांचं पन्नास लाखांच्या वर. त्यावर आणखी पंधरा-वीस लाख टाकून 'नोकरी नक्की' म्हणून रेटिंग करणारे खूप आहेत. माझं मत कडक आहे: नियुक्तिपत्र नसताना स्वतःच्या खर्चाने एटीआर किंवा एम्ब्रेअरचं रेटिंग करू नका. ही विमानं उडवणाऱ्या कंपन्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांनी भरती थांबवली तर ते रेटिंग घेऊन जायचं कुठे? एअरबस ३२० ला निदान बाजार मोठा आहे.

कंपनी पैसे घेणार असेल तर ते थेट कंपनीच्या किंवा मान्यताप्राप्त ट्रेनिंग संस्थेच्या खात्यात जायला हवेत आणि पावतीवर तुमचं नाव हवं. मध्ये कोणी 'सर सांगतात' म्हणणारा असेल तर तिथून निघा. आणि एकाच वेळी रेटिंगचे पैसेही तुमचे आणि बाँडही तुमच्याच गळ्यात, असं असेल तर स्पष्ट विचारा: मी कशाची परतफेड करतोय?

पगाराचे आकडे कसे वाचायचे?

पत्रात महिन्याचा जो मोठा आकडा असतो त्याचे दोन भाग असतात: ठरलेला पगार आणि उड्डाणाच्या तासांवरचा. कळीचा शब्द आहे गॅरंटीड अवर्स. कंपनीने ७० तासांची हमी दिली आणि तुम्ही ४५ तास उडालात, तरी पैसे ७० चे मिळतात. हमी ४० ची असेल तर पाऊस, विमान दुरुस्ती, मार्ग बंद, सगळं तुमच्या खिशातून जातं. प्रादेशिक कंपनीत पावसाळ्याचे तीन-चार महिने हे घडतंच. म्हणून जास्त दर आणि कमी हमी, की कमी दर आणि जास्त हमी, यात मी डोळे झाकून दुसरं घेईन. ट्रेनिंगच्या काळात हमी लागू असते का, हे वेगळं विचारा. बहुतेकदा नसते.

लायसन्स गेलं तर मिळणारा विमा कंपनी देते का, तेही बघा. मेडिकलमध्ये टेम्पररी अनफिट झालात तर किती महिने ठरलेला पगार चालू राहतो, याचा उल्लेख एका ओळीत कुठेतरी असतो.

मुलींनी आणखी एक विचारावं. प्रसूती रजा कायद्याने २६ आठवडे आहेच, पण गरोदरपणात उड्डाण थांबल्यापासून रजा सुरू होईपर्यंतच्या महिन्यांत जमिनीवरचं काम आणि पगार मिळतो का? प्रश्न विचारल्यावर समोरच्याचा चेहरा बघितला तरी पुष्कळ कळतं.

कमांड, म्हणजे कॅप्टनची डावी खुर्ची, कुठे लवकर मिळते?

एटीपीएलसाठी, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणाऱ्या वरच्या परवान्यासाठी, २१ वर्षं वय, १५०० तास आणि बाकीच्या अटी लागतात, शिवाय लेखी परीक्षा आणि तोंडी. प्रादेशिक कंपनीत वर्षाला सहाशे-सातशे तास झाले तर दोन-अडीच वर्षांत कागद तयार होतात. त्यानंतर डावी खुर्ची कधी मिळणार हे कंपनीच्या वाढीवर आणि वरचे कॅप्टन किती वेगाने मोठ्या कंपन्यांत जातायत त्यावर ठरतं. लहान वाढत्या कंपनीत तिशीच्या आत कॅप्टन झालेले आहेत. वाढ थांबलेल्या कंपनीत पस्तिशीतही उजवीकडेच बसलेले आहेत. एटीपीएलचे पेपर मात्र नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी काढून टाका, नंतर रोस्टर अभ्यास करू देत नाही.

एक तपशील लक्षात ठेवा. लहान धावपट्टीच्या किंवा अवघड विमानतळांवर टेकऑफ-लँडिंग कॅप्टननेच करायचं असा नियम असतो, आणि खराब हवामानातही फर्स्ट ऑफिसरच्या हातात विमान देत नाहीत. अगत्तीची धावपट्टी जेमतेम सव्वा किलोमीटरची, दोन्ही टोकांना समुद्र. तिथे तुम्ही शिकाल खूप, पण ते बघून. कंपनीचं निम्मं जाळं असं असेल तर तुमच्या लॉगबुकात तास वाढतील आणि लँडिंग कमी राहतील.

नऊ आसनी विमानाचं पत्र आलंय. हसण्यावारी न्यावं का?

अजिबात नाही. ५७०० किलोपर्यंतच्या विमानावर सीपीएल असलेला वैमानिक कमांड घेऊ शकतो. कॅरावॅन चार टनांच्या आत बसते, आणि १९ आसनी ट्विन ऑटरचं कमाल वजन ५६७० किलो, म्हणजे जेमतेम आत. पीआयसीचे, म्हणजे विमानाचा प्रमुख म्हणून उडवलेले, तास इतरत्र सहज मिळत नाहीत, इथे मिळू शकतात. तोटा असा की एक इंजिनाच्या विमानावरचे तास मोठी कंपनी भरतीच्या वेळी कमी तोलते, आणि या कंपन्यांचं आयुष्य अनुदानावर जास्तच अवलंबून असतं. हातात दुसरं काही नसेल तर घ्या, बाँड लहान असेल तर नक्की घ्या.

बेस कुठला घ्यावा? घराजवळचा?

शक्य असेल तर हो, पण 'घराजवळ' याचा अर्थ नीट लावा. कोल्हापूरचा मुलगा स्टार एअरमध्ये लागला म्हणजे कोल्हापुरात राहील असं नव्हे. विमान रात्री जिथे उभं राहतं तिथे बेस असतो, आणि तो बहुधा बंगळुरूसारखा मोठा विमानतळ असतो. मोपाचं मात्र सुख आहे: बांदा, सावंतवाडीहून गाडीने ये-जा होते, भाडं गोव्यापेक्षा कमी आणि जेवण घरचं. हैदराबादला शमशाबादजवळ किंवा बंगळुरूला यलहंका-देवनहळ्ळीकडे राहावं लागतं, कारण पहाटे चारच्या पिकअपला शहरातून निघणं कुणालाच झेपत नाही.

साप्ताहिक विश्रांती नव्या नियमांनी ३६ वरून ४८ तास झाली आहे. बेस घरापासून एका फ्लाइटवर असेल तर या बदलामुळे आता खरोखर घरी जाऊन येता येतं. कंपनी घरी जाण्यासाठी तिकीट देते का, आणि दुसऱ्या कंपनीच्या विमानात चालतं का, हे विचारून ठेवा.

सरकारी कंपनी घेतली तर नोकरी पक्की, असं बाबा म्हणतात.

बाबांना जाहिरात वाचायला द्या. अलायन्स एअर एअर इंडियासोबत टाटांकडे गेली नाही, सरकारकडेच राहिली, हे खरं. पण मालक सरकार आहे म्हणून तुमची नेमणूक कायम होत नाही. भरती ठरावीक मुदतीच्या करारावर आहे का, आणि मुदतवाढ कशावर ठरते, ते जाहिरातीतच असतं. जाळं मात्र देशभर पसरलेलं आहे, सिमल्यासारख्या जागा आहेत, आणि शिकायला ती चांगली शाळा आहे असं तिथून बाहेर पडलेले बरेच जण सांगतात.

एटीआरवर गेलो तर एअरबस कायमचं सुटेल का?

नाही. इंडिगोत एटीआरवरून एअरबसवर जाण्याची वाट कंपनीच्या आतच आहे, वेळ लागतो एवढंच. बाहेर जायचं तर मोठ्या कंपन्या ठरावीक तासांचा टर्बोप्रॉप अनुभव धरतात. फक्त हे ठरवून ठेवा की कॅप्टन झाल्यावर गेलात तर बहुतेकदा पुन्हा उजव्या खुर्चीतून सुरुवात होते, आणि वर एक वर्षाची नोटीस. म्हणजे निघायचं असेल तर फर्स्ट ऑफिसर असताना, किंवा मग राहायचं तर डाव्या खुर्चीत काही वर्षं मनापासून राहायचं. कमांड मिळाल्यावर सहा महिन्यांत बाहेरच्या मुलाखती देणाऱ्यांची सगळ्या बाजूंनी ओढाताण होते.

अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो तिकडच्या रिजनलमध्ये सगळं वेगळं असतं. खरं का?

खरं आहे, आणि त्याचा सल्ला इथे जसाच्या तसा लावू नका. तिकडच्या रिजनल कंपन्या बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या नावाने आणि रंगात उडतात. एन्व्हॉय, पीडमाँट आणि पीएसए अमेरिकन एअरलाइन्सच्याच मालकीच्या आहेत, एंडेव्हर डेल्टाची. तिकिटं मोठी कंपनी विकते, त्यामुळे जागा भरल्या की नाही ही चिंता रिजनलची नसते. तिथे सगळं ज्येष्ठता क्रमांकावर चालतं, काही कंपन्यांतून मोठ्या कंपनीत जाण्याचा ठरलेला रस्ता असतो. फेब्रुवारी २००९ मधल्या कोल्गन एअरच्या अपघातानंतर, २०१३ पासून, फर्स्ट ऑफिसरलाही साधारण १५०० तास लागतात. आपल्याकडे दोनशे तासांवर तुम्ही ७८ प्रवाशांच्या विमानात बसता. म्हणून तो तुम्हाला 'कुठेही जा, सीनियॉरिटी नंबर लवकर घे' म्हणेल. आपल्याकडे कंपनी बदलताना सहा महिन्यांची नोटीस असते, मोठ्या कंपनीत जाण्याचा हक्काचा रस्ता नसतो, म्हणून 'कुठेही' हा शब्द इथे महागात पडतो.

एका ठिकाणी सही केली, ट्रेनिंग सुरू झालं नाही, आणि दुसरं चांगलं पत्र आलं. काय करू?

आधी करार काढा आणि बाँड कुठल्या दिवसापासून लागू होतो ते बघा. टाइप रेटिंगवर कंपनीने अजून पैसे खर्च केले नसतील तर बहुतेकदा मार्ग निघतो, पण तो लेखी काढायचा. मेल करा, कारण लिहा, ट्रेनिंगची जागा दुसऱ्याला देता येईल इतक्या वेळेत सांगा, धनादेश परत मागा आणि परत मिळाल्याची पोच घ्या. फोनवर 'ठीक आहे, बघू' म्हणाले म्हणून दुसरीकडे रुजू होऊ नका. सिम्युलेटरच्या तारखा लागलेल्या असतील तर त्या खर्चाचा हिशेब विचारा आणि तो वाजवी वाटला तर भरून मोकळे व्हा. या धंद्यात चीफ पायलट एकमेकांना ओळखतात. आज ज्याला न सांगता सोडून जाल, तो चार वर्षांनी तुमच्या मुलाखतीत टेबलापलीकडे बसलेला असू शकतो.

ट्रेनिंग सुरू झालं असेल तर उत्तर सरळ आहे. पूर्ण करा, तास टाका, आणि दुसऱ्या कंपनीच्या पुढच्या भरतीची वाट बघा.